काचेवरचं कुंकू

सरांवर माझा राग आहे. इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. मुंबईच्या एका निर्यातदाराची अख्ख्या हंगामाची तूरडाळीची ऑर्डर माझ्या मिलच्या दारात येऊन उभी राहिली होती, आणि ती या माणसाने परत पाठवली. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याचं नाव टाकलं असतं. सरांच्या गोष्टी मात्र मी अजून कुठेही, कोणालाही सांगत बसतो. बायको म्हणते, खरा राग असलेल्या माणसाला समोरच्याच्या इतक्या गोष्टी पाठ नसतात. तिला धंद्यातलं काही कळत नाही.

आमची ओळख भंगारात झाली. मी जळगावच्या मार्केट यार्डात पोती उचलून मोठा झालो आणि डाळमिल उभी केली ती दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानातून. धुळ्याच्या एका कॉलेजात जुन्या मोटरींचा लिलाव होता म्हणून गेलो होतो. घेणाऱ्याने मालात खोट काढायची, हा बाजाराचा रिवाज. मी एका मोटरीला नावं ठेवत होतो. कॉलेजच्या बाजूने एक उंच, किडकिडीत मास्तर उभे होते. ते म्हणाले, "नाही हो, ही चांगली आहे. जळलेली आहे ती शेजारची. तिला तुम्ही काहीच बोलला नाहीत."

शेजारची जळलेली आहे हे मला खरंच कळलं नव्हतं. कॉलेजचा क्लार्क सरांकडे असा बघत होता, जणू त्यांनी घरातली भांडी रस्त्यावर मांडली. मला वाटलं, हा माणूस आपल्या कामाचा आहे. तो कोणाच्याच बाजूचा नाही, हे कळायला मला फार वेळ लागला.

सरांचा जगाशी व्यवहार एकाच सूत्रावर चाले. एखादी गोष्ट चालते का, हे ते बघतच नसत. ती कुठे चुकते, हे बघत. "चुकवून बघू" हे त्यांचं पालुपद. जळगाव स्टँडवर उतरले की पहिल्या रिक्षावाल्याला विचारणार, "दिवाणजींच्या बोळात जायचंय, माहीत आहे?" असा बोळ आमच्या गावात नाही. "बसा ना साहेब" म्हणणाऱ्याच्या रिक्षात ते बसत नसत. "असा बोळ नाही बुवा इथं" म्हणणारा भेटेपर्यंत उन्हात उभे राहत आणि मग त्याला म्हणत, "चला, मग औद्योगिक वसाहतीत न्या." यापायी ते माझ्या मिलवर दर वेळी उशिरा येत. मी म्हटलं, स्टँडवर गाडी पाठवतो. तर म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर तुमचं खातो भाऊ. तो कशालाही हो म्हणेल."

पहिल्यांदा जेवायला घरी आणलं तेव्हा बायकोने भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती. तिने रीतीप्रमाणे विचारलं, कसं झालंय. सर म्हणाले, "वांगं छान भाजलंय. मिरची करपलीय जरा." मी ताटाकडे बघत राहिलो. बायकोने भरीत चाखलं, "हो, करपलीच आहे" म्हणाली, आणि तेव्हापासून नवीन काही केलं की वाटी आधी सरांपुढे जाऊ लागली. "तुमचं छान काय कामाचं," मला म्हणायची, "तुम्ही पेपर वाचता वाचता छान म्हणता."

ती ऑर्डर आली त्या वर्षी आमच्या धंद्याला वेगळंच वळण लागलं. आधी डाळीतला काळा, डागी दाणा बायका सुपात घेऊन हाताने निवडत. त्यावर व्यापारी खूश असत. पण परदेशी माल पाठवणाऱ्यांच्या मागण्या वाढल्या, आणि वसाहतीतल्याच दुसऱ्या एका मिलने परदेशी यंत्र मागवलं. ते यंत्र दाणा बघे आणि काळा असला की हवेच्या फटकाऱ्याने उडवून लावी. माझ्या ऐपतीबाहेरचं होतं ते. मुंबईचे शेट दोन्ही मिल बघून ऑर्डर कोणाला द्यायची ते ठरवणार होते. मी धुळ्याला गेलो आणि सरांना विचारलं, असं काही आपण इथेच करू शकतो का.

"करू शकतो," सर म्हणाले. "पण तुम्ही काळा कशाला म्हणता?"

"काळा म्हणजे काळा."

त्यांनी मिलमध्ये येऊन मला मूठभर डाळ निवडायला लावली. मग तीच डाळ पुन्हा एकत्र करून अक्कांना दिली. अक्का म्हणजे आमच्या निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम. पारोळ्याकडच्या. नवरा दारूत बुडालेला, पण कपाळावरचं कुंकू रुपयाएवढं. मी हमाल होतो तेव्हापासून त्या मला भाऊ म्हणत आणि मालक झाल्यावरही त्यांनी त्यात बदल केला नाही. आमचे दोघांचे ढीग सारखे निघाले नाहीत. मी ज्याला चालेल म्हटलं होतं तो दाणा अक्कांनी बाजूला काढलेला, अक्कांनी ठेवलेला मी. आम्ही दाण्या-दाण्यावरून भांडू लागलो.

"आधी तुमच्या दोघांचं ठरू द्या," सर म्हणाले. "मग मी यंत्राला सांगतो." शेवटी अक्कांचा ढीग धरायचा असं त्यांनीच ठरवलं. मिल माझी आणि काळा दाणा अक्कांचा.

मोबदल्याचं बोलणं तर मला आजही लाज आणतं. मी नेहमीप्रमाणे अगदी खालून सुरुवात केली. वर जायची तयारी ठेवूनच सुरुवात केली होती. सर म्हणाले, "ठीक आहे." पहिल्या आकड्याला हो म्हणणारा माणूस मला चोर वाटतो. मीच दोनदा आपणहून आकडा वाढवला, आणि दोन्ही वेळा ते "ठीक आहे" म्हणाले. फक्त एक टेबलफॅन मागितला, तोही संगणकासाठी. स्वतः घामाने निथळत बसत आणि पंखा त्या डब्याच्या पाठीवर सोडत.

संगणक, भिंतीवर लावतात तसला काळ्यापांढऱ्या चित्राचा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याचं चित्र संगणकात उतरवणारं एक कार्ड, हे मी मुंबईहून आणवलं. त्यावर सरांनी आपली 'लायब्ररी' बसवली. लायब्ररी म्हणजे, त्यांनी मला समजावलं तसं सांगतो, तयार आज्ञांचा संच. चित्रातल्या कडा शोधायच्या, काळे ठिपके वेगळे करायचे, त्यांची जागा सांगायची, अशा प्रत्येक कामाची आज्ञा कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली. आपण त्या हव्या तशा जुळवायच्या. फ्लॉप्या ते स्टीलच्या जेवणाच्या डब्यात आणत. वर मऊ फडकं आणि कडुनिंबाचा पाला.

"फ्लॉपीला कीड लागते का सर?"

"लागते. दिसत नाही."

ती लायब्ररी बसवणं हा एक सोहळाच होता. एक फ्लॉपी निम्म्यात कर्रकर्र करून थांबे. सर ती काढत, फडक्याने पुसत, पुन्हा घालत. पुन्हा थांबली की सगळं पहिल्यापासून. जरा पुढे सरकलं की वीज जाई. दीपनगरच्या वीजकेंद्रातली वीज आमच्या डोक्यावरच्या तारांतून मुंबईकडे जाते आणि आम्ही खाली मेणबत्त्या शोधतो, हे दुखणं जुनंच आहे. मी विजेवाल्यांना शिव्या घाली. सर अंधारात शांत बसत. म्हणत, "बरं झालं. अर्धवट बसलं तर काय होतं ते कळेल आता." मग कार्डाचं आणि माऊसचं जमेना, दोघांनाही संगणकातली एकच जागा हवी होती. सरांनी माऊस उपटून माझ्या हातात दिला. "हा उंदीर तुमच्या गोदामात सोडा. तिथे त्याला सोबत आहे."

एकदाची लायब्ररी बसली. पडद्यावर पहिलं चित्र येणार म्हणून मी माझ्या धाकट्या भावाला, अक्कांना, हिशेबनिसाला, सगळ्यांना बोलावलं. पेढे आणले होते. सरांनी एक बटण दाबलं. पडदा पूर्ण काळा. आम्ही वाट बघत राहिलो.

"उत्तम," सर म्हणाले.

"काय उत्तम? काही दिसत नाही."

"कॅमेऱ्यावर झाकण आहे भाऊ. झाकण असताना काही दिसलं असतं तर ते खोटं असतं. आता झाकण काढलं की जे दिसेल त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही."

झाकण काढल्यावर अक्कांचा हात दिसला, बांगड्यांसकट. अक्कांनी तो चटकन पदराखाली घेतला. पेढे मात्र सरांनी झाकणासाठीच खाल्ले असं माझं मत आहे.

पुढचे कितीतरी दिवस ते तपासणी करत राहिले. थरथरणाऱ्या पत्र्यावरून डाळ एकेरी थराने खाली उतरे. पत्र्याच्या तळाला एक पारदर्शक पट्टी, तिच्याखाली ट्यूबलाइट. डाळीच्या वर चार बोटांवर भुशापासून बचावाची काच. त्याही वर कॅमेरा, खाली रोखून. पत्र्याच्या टोकाला हवेच्या नळ्या. काळा दाणा आला की तेवढीच नळी फुस्स करी आणि दाणा वेगळ्या डब्यात पडे. मला वाटलं, झालं. सरांनी त्यात सदऱ्याचं बटण टाकलं, बाजरीचं कणीस टाकलं, तुटकी बांगडी टाकली. एकदा काचेवर मुंगी चढली आणि यंत्राने तिच्या चालीबरोबर एकेक नळी सोडत आणली. मी चिडलो. सर टाळी वाजवायचेच बाकी होते. "मुंगी दिसतेय," म्हणाले, "नजर चांगली आहे."

"सर, शेट यायचे दिवस जवळ आलेत. आता चुका बंद करा."

"चुका मी करत नाही, शोधतो. शेट आल्यावर सापडण्यापेक्षा आत्ता सापडलेली बरी." हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे. त्यांना ते ऐकवायची वेळ पुढे आली.

शेट सकाळच्या गाडीने उतरले. माझ्या भावाने मिल धुऊन काढली होती, दाराला तोरण होतं. शेट मोजकं बोलणारे, पांढऱ्या कपड्यातले. आधी आमच्याकडे, मग त्या दुसऱ्या मिलमध्ये, आणि दुपारच्या गाडीने परत, असा त्यांचा बेत. चहा झाला. मी सरांना खूण केली. पत्रा थरथरू लागला, डाळ उतरू लागली, आणि मधल्या नळीने जी हवा सोडायला सुरुवात केली ती थांबेचना. चांगली, पिवळीधमक डाळ काळ्याच्या डब्यात सडासड पडू लागली.

शेटनी डब्यात हात घालून मूठभर डाळ काढली, बघितली आणि माझ्या हातावर ठेवली. "भाऊ, ये तो अच्छा माल फेंक रहा है."

सरांनी पडद्याकडे बघितलं. चित्राच्या मध्यभागी एक काळा ठिपका. डाळ सरकत होती, ठिपका सरकत नव्हता. ते उठले, वाकून काचेकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं त्याला मी आनंदच म्हणेन. काचेच्या बरोबर मधोमध हळद आणि कुंकवाचं ओलं बोट उमटलेलं होतं. वर चार तांदळाचे दाणे.

माझा भाऊ अक्कांकडे वळला. "हिने केलं. मुद्दाम केलं. यंत्र चाललं तर बायांचं निवडायचं काम जातंय ना."

अक्का सूप हातात घेऊन उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, नवं यंतर शे. कुकू लावाशिवाय कोनी चालू करस का?"

सरांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "मुद्दाम करायचं असतं तर दगड होता की अंगणात," ते माझ्या भावाला म्हणाले.

मी फडकं घेऊन पुढे झालो. सरांनी काचेवर तळवा आडवा धरला. कुंकवाला लागू न देता.

"सर, हात काढा. पुसतो आणि चालू करू. शेट उभे आहेत."

"आज पुसाल. दसऱ्याला काय करणार? तुमच्या मोटरीला कुंकू आहे, काट्याला आहे, तिजोरीला आहे. ह्याला लागणारच. ते लागलेलं असताना जे चालत नाही ते यंत्र तुमच्या मिलचं नाही भाऊ."

"ते दसऱ्याला बघू."

"नाही. हे मी तपासायला विसरलो. माझं काम अपुरं आहे. अपुरं काम मी शेटना दाखवणार नाही."

एका फडक्याचं काम होतं. हे मी कोणालाही सांगतो आणि सगळे माझ्या बाजूने मान हलवतात. मी सरांना सहज बाजूला करू शकलो असतो. पोती उचललेले हात आहेत माझे. पण समोर अक्का उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर पुढे ओढला. सरांचा हात आडवा होता म्हणून मी थांबलो, असं मी लोकांना सांगतो.

सर संगणकापुढे बसले. त्यांनी लायब्ररीतून एक आज्ञा शोधून काढली: आधी रिकाम्या काचेचं चित्र घ्यायचं आणि मग प्रत्येक चित्रातून ते वजा करायचं. म्हणजे जे कायमचं आहे ते सोडून द्यायचं आणि नवीन आलेलं तेवढं बघायचं. लिहिताना चूक झाली, ती शोधली. पुन्हा लिहिलं. मी शेटना उसाचा रस पाजला, केळी दाखवायला मागच्या बागेत नेलं, माझ्या हमालीच्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या. परत आलो तर सर तेलाच्या डब्याचा पत्रा कात्रीने कापत होते.

"आता हे काय?"

"कुंकवाच्या खालून जाणारा दाणा कॅमेऱ्याला दिसणार नाही. तिथून दाणा जाऊच द्यायचा नाही. दोन बाजूंनी वळवायचा."

शेटनी घड्याळ बघितलं. नमस्कार केला. "फिर कभी, भाऊ," म्हणाले आणि रिक्षात बसून त्या दुसऱ्या मिलकडे गेले. मी दारात उभा राहून रिक्षा वळेपर्यंत बघत होतो. आत येऊन मी सरांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेट आल्यावर सापडण्यापेक्षा आत्ता सापडलेली बरी, हे त्यांचं वाक्यही त्यांना ऐकवलं. त्यांच्या कानावर त्यातलं काही पडलं की नाही, देव जाणे. ते पत्र्याची पट्टी बसवत होते.

"भाऊ, आता चुकवा," ते म्हणाले.

मी रागाने मूठभर काळे उडीद डाळीत भिरकावले. डाळ कुंकवाच्या दोन्ही बाजूंनी भांग पाडल्यासारखी उतरू लागली, आणि नळ्या टपटप वाजत उडदाचा दाणा न् दाणा उडवू लागल्या. एकही चांगला दाणा गेला नाही. बघायला होतो मी, माझा भाऊ आणि निवडणाऱ्या बायका. कुंकू तसंच.

अक्का बराच वेळ बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, आते मन्हा डोयास्नं काय काम?"

त्यांच्या डोळ्यांना आता काय काम उरलं, असं विचारत होत्या त्या. सर म्हणाले, "रोज सकाळी याला रिकामी काच दाखवावी लागेल अक्का. आणि हे कुठे चुकतं ते धरायला लागेल. काळं म्हणजे काय, हे तुमचंच आहे याच्यात." मग डब्यात फ्लॉप्या, फडकं, पाला भरून ते स्टँडकडे चालत गेले. मी रिक्षा बोलावली नाही.

ऑर्डर त्या दुसऱ्या मिलला गेली. तो हंगाम मी आजूबाजूच्या लहान व्यापाऱ्यांवर काढला. यंत्र चालत राहिलं, अक्का त्याच्यापाशी बसू लागल्या, बाकीच्या बायका पोती शिवायला लागल्या आणि काहींनी काम सोडलं. माझ्या डोक्यात मात्र ती वळणारी रिक्षा बसली होती. त्या हंगामाच्या शेवटी एक दिवस मी एसटीने धुळ्याला गेलो. एरंडोल जाईपर्यंत मी भांडणाची सगळी वाक्यं जुळवली होती. ते काय म्हणतील आणि त्यावर मी काय म्हणेन, सगळं. सौदा कसा करायचा हे मला कोणी शिकवायला नको.

त्यांच्या दारावर पाटी होती: 'बेल बंद आहे.' मी रागात होतो, बेल दाबली. ती खणखणीत वाजली. सरांनी दार उघडलं आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "पाटी वाचूनही दाबणारे फार थोडे येतात," म्हणाले. खोलीत एक खाट, एक खुर्ची, बाकी सगळ्या तारा. मी बसलो नाही.

"सर, माझी ऑर्डर तुम्ही घालवलीत."

"हो," सर म्हणाले. "मीच घालवली."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. पण, तरी, तुम्हीही, असं काहीतरी यायला हवं होतं. आलं नाही. ते तसेच उभे होते. घासाघीस करायची तर समोरच्याने काहीतरी धरून ठेवलेलं लागतं. एरंडोलपर्यंत जुळवलेलं सगळं माझ्या तोंडात तसंच राहिलं.

"पुन्हा तशी वेळ आली तर?" मी विचारलं.

"नाही पुसणार."

"मग कशाला हो म्हणता?"

"तुमचं नुकसान झालं ते खरं आहे म्हणून."

मग त्यांनी माठातलं पाणी दिलं आणि विचारलं, "आता कुठे चुकतंय?"

मी सांगायला आलो नव्हतो. पण सांगितलं. भुंग्याने पोखरलेला दाणा, ज्याचं भोक खालच्या अंगाला असतं, तो वरून चांगला दिसतो आणि निसटतो. अक्का रोज तसले दाणे वेगळे काढून वाटीत ठेवतात आणि मला दाखवतात.

"वाटी ठेवलीय?"

"ठेवलीय."

सरांनी खुंटीवरचा सदरा अंगात चढवला, स्टीलचा डबा घेतला, चपला घातल्या. मी त्यांना चला म्हटलं नव्हतं. स्टँडवर जळगावची गाडी लागलेली होती. दोन्ही तिकिटं मी काढली.

खिडकीजवळची जागा मात्र मी त्यांना दिली नाही.